किल्लारीच्या भूकंपानंतर तुमच्या घरात काय बदललं?

प्रश्न:
माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. त्याखाली आमची आत्या गेली. त्यानंतर वडिलांनी बांधावरून चुलत्यांशी चाललेला दावा काढून घेतला. आता माझी मुलं विचारतात, आजोबांनी हक्काची जमीन का सोडली? काय सांगू?

उत्तर 1:
ताई, आमचं सास्तूर. आईनं लग्नातला शालू ट्रंकेत जपला होता. ढिगाऱ्यातून ट्रंक चेपलेली निघाली. तेव्हापासून आई नवी साडी पहिल्याच सणाला नेसते. मुलांना आत्याबद्दल सांगा. नुसतं 'गेली' नको, काय रांधायची, कशावर चिडायची, सगळं सांगा.

उत्तर 2:
मी लातूरचा, मदतीला गेलो होतो. वरून पाऊस. पुढे नवी गावठाणं झाली, पण घरं जमिनीच्या हिशोबानं वाटली, त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी पांगले. तुमच्या वडिलांनी माणसं राखली. मुलांना हे ठामपणे सांगा.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. आत्या शेंगदाण्याची चटणी उखळातच कुटायची, तेल सुटेपर्यंत. चुलत्यांची मुलगी अजून तश्शीच करते. दावा चालू असता तर तिच्या दारात पाय ठेवला नसता. दिवाळीत पोरांना तिच्याकडंच नेते.