चॉकलेटिटो आणि साडेचार किलोंचा फरक

'हलक्या वजनाचे बॉक्सर नुसते नाचतात, ठोशात दम नसतो' असं बॉक्सिंगबद्दल कुणी म्हणालं, तर निकाराग्वाचा रोमान गोन्सालेस, ऊर्फ चॉकलेटिटो, बघाच. २००८ मध्ये योकोहामात त्याने युताका निईदाला चौथ्याच फेरीत गारद करून मिनिममवेटचा, म्हणजे ४७.६ किलोंचा किताब घेतला. पुढे त्याहून वरचे वजनगट: लाइट फ्लाय, फ्लाय आणि २०१६ मध्ये सुपर फ्लाय, म्हणजे ५२.२ किलो. चार वजनगटांत विश्वविजेता!

आणि हा गडी नाचत नाही, उलट अंगावर जातो. अर्धं पाऊल बाजूला सरकून बरगडीखाली डावा, लगेच हनुवटीला अपरकट (खालून वर मारलेला ठोसा), आणि समोरचा सावरायच्या आत पुन्हा पोटात. सलग पाच-सहा ठोसे, एकही वाया घालवायचा नाही.

पण ४७.६ वरून ५२.२ किलो म्हणजे जवळपास दहा टक्के वाढ. हेवीवेटला साडेचार किलो किस झाड की पत्ती; इथे मात्र समोरचा माणूसच वेगळा होतो. जे ठोसे खालच्या गटात सहज पचायचे, ते हाडात घुसायला लागतात. २०१७ मध्ये थायलंडच्या श्रीसाकेतने ते दाखवलं. मार्चमधला निकाल वादग्रस्त होता (माझ्या मते गोन्सालेसच जिंकला होता), पण सप्टेंबरमध्ये चौथ्या फेरीत सरळ नॉकआउट.

गोन्सालेस संपला असंच सगळे धरून चालले होते. पठ्ठ्याने २०२० मध्ये ब्रिटनच्या खालिद याफाईला नवव्या फेरीत झोपवून किताब परत आणला. २०२१ ची मेक्सिकोच्या एस्ट्राडाबरोबरची लढत तेवढी पूर्ण बघा, बाराच्या बारा फेऱ्या.