उंदीर पोहला, पुढे काय?

एका पेपरचा हवाला देऊन तुम्ही विचारलंय की ब्राह्मीचा अर्क उंदरांवर फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाइतकाच चालला, मग डॉक्टर तो का देत नाहीत. अहो, पण आधी ती उंदरांची पोहण्याची टेस्ट (फोर्स्ड स्विम टेस्ट) काय असते ते बघा ना. उंदराला पाण्याच्या नळकांड्यात ६ मिनिटं सोडतात आणि शेवटच्या ४ मिनिटांत तो धडपड सोडून नुसता तरंगत किती वेळ राहिला ते मोजतात; तरंगणं कमी झालं की औषध चाललं म्हणायचं, बास. १९७७ ची पद्धत, स्वस्त आणि झटपट, म्हणून एमफार्मच्या (औषधनिर्माणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) थीसिसमधे सर्रास दिसते. पण नुसतं उत्तेजक कॅफिन दिलं तरी उंदीर जास्त पोहतो! म्हणून तो एरवीही जास्त पळतोय का हे ओपन फील्डमधे (मोकळ्या चौकटीत सोडून त्याची हालचाल मोजतात ती टेस्ट) बघावंच लागतं, ते पेपरात नसेल तर मी पुढे वाचतच नाही.

आणि माणसांवर आलं की अजून गुंता. सेंट जॉन्स वर्ट या नैराश्यासाठी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीची २००२ ची अमेरिकेतली ट्रायल, ३४० पेशंट, अर्क काही प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) सरस ठरला नाही, पण गंमत म्हणजे मुख्य मोजमापात सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं नेहमीचं औषधही ठरलं नाही. शिवाय त्या वनस्पतीने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, त्यामुळे 'हर्बल आहे, काय होतंय' हे डोक्यातून काढा. चालू गोळ्यांसोबत तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

बाकी तुमच्या पेपरात अर्क पाण्यातला होता की अल्कोहोलमधला?