मदत हवी आहे: सफरचंद आणि आलुबुखार एकाच उपकुळात कसे?

नमस्कार मंडळी, गुलाब कुळाच्या फुलांचा अभ्यास करतोय आणि एका जागी अडलोय.

जुन्या वर्गीकरणात फळांवरून चार उपकुळं होती. आता डीएनएच्या आधारे तीनच मानतात: रोझॉइडी, ड्रायॅडॉइडी आणि अमिग्डॅलॉइडी. सफरचंद आणि आलुबुखार दोन्ही तिसऱ्यात! पण फुलं पाहा. निदलं, पाकळ्या आणि पुंकेसर यांचे तळ जुळून झालेली वाटी, म्हणजे हायपॅन्थियम, दोघांतही असते. आलुबुखारात ती अंडाशयाभोवती सुटी राहते आणि फळ धरल्यावर गळते. सफरचंदात तीच अंडाशयाला चिकटते आणि बहुतेक गर तिचाच होतो. स्ट्रॉबेरीचा गर मात्र पुष्पाधाराचा, म्हणजे देठाच्या ज्या टोकावर फुलाचे भाग बसतात त्याचा, आणि ती रोझॉइडीत.

मग फुलाच्या घडणीत असं काही लक्षण आहे का, जे अमिग्डॅलॉइडीतल्या सगळ्यांना एकत्र बांधतं? की डीएनए हाच एकमेव धागा? गुणसूत्रांचाही आधार वाटत नाही, कारण एका मूळ संचातली गुणसूत्रं सफरचंदात १७ आणि आलुबुखारात ८.

कळीचे उभे छेद कोणी पाहिले असतील तर कृपया हेही सांगा: वाटी अंडाशयाला चिकटलेली कळीच्या कोणत्या अवस्थेपासून दिसते? मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.