ओढ्या-चिखलातून आल्यावर गाडीचं काय काय बघायचं? (एक्सपल्स, हिमालयन)

भटक्या_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र, दादरपासून डोंबिवलीपर्यंत विखुरलेले. दोन एक्सपल्स २०० फोरव्ही, एक हिमालयन ४११ आणि एक जुनी इम्पल्स, अशा आमच्या मोटरसायकली. रविवारी पहाटे निघून मुरबाड-कर्जतच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जायचं, दुपारी घरी परतायचं. हायवेची सवय सगळ्यांना आहे, डर्ट मात्र नवीन. विचारायचं ते असं:

टायरमध्ये हवा किती ठेवायची? सगळ्यांचे ट्यूबवाले टायर आहेत. चिखलातून आलं की चेन कुरकुरते, ती किती ताणायची? हिमालयनच्या क्लचला चढावर जळका वास येतो. ओढ्यात गाडी बंद पडली तर नेमकं काय करायचं? आणि सोसायटीत पाण्याचा पाइप लावू देत नाहीत, मग धुवायची कुठे आणि कशी? सोबत कुठली हत्यारं न्यायची तेही सांगा.

पाना_पकड

धुण्यापासून सुरुवात करतो, कारण डर्टमध्ये गाडी चालवताना जितकी बिघडते त्याहून जास्त ती परत आल्यावर तशीच उभी ठेवल्याने बिघडते. आपल्याकडची काळी माती वाळली की घट्ट बसते आणि आतला ओलावा धरून ठेवते. त्यावर मुंबईची खारी हवा. आठवडाभर गाडी तशीच राहिली तर पुढच्या रविवारी ब्रेक पेडल, साइड स्टँड, क्लच लिव्हर, सगळं जड झालेलं असतं.

पाइप नसला तरी चालतं. दोन बादल्या पाणी, गाडी धुवायचा शाम्पू, एक मऊ आणि एक जाड ब्रश पुरे. इंजिन आधी निवू द्या. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला (काढायला विसरू नका). वरून खाली या. वॉशिंग सेंटरला नेणार असाल तर प्रेशरची नळी चाकाच्या हबवर, हँडलखालच्या बेअरिंगवर, फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) सीलवर, चेनवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून मारू देऊ नका. सील बाहेरचं पाणी साधारण अडवतं, पण जोरात मारलेलं पाणी सीलच्या रबरी ओठाखालून आत जातं, ग्रीस धुऊन टाकतं आणि तिथेच अडकून बसतं. बेअरिंगचा आवाज महिन्याभराने येतो, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. हिमालयनला मागच्या शॉकला लिंकेज (जोडदांड्या) आहे. तिथले बेअरिंग तर पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस भरलेच पाहिजेत, नाहीतर ते जाम होतात.

फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरचा चिखल वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला कण फोर्क दबला की सीलच्या ओठात शिरतो आणि तेल गळायला लागतं. गळलं म्हणजे लगेच सील बदलायचं असंही नाही. डस्ट सील (वरचं धूळ अडवणारं रबर) स्क्रूड्रायव्हरने अलगद वर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून तिच्या टोकाजवळ छोटा आकडा करा. ती सील आणि नळीच्या मधे घालून गोल फिरवा आणि वर ओढा. बऱ्याचदा काळा गाळ बाहेर येतो आणि गळती थांबते. नाही थांबली तर दोन्ही बाजूंचे सील आणि तेल एकदमच बदला. गळालेलं तेल ब्रेक डिस्कवर गेलं तर मात्र गाडी चालवू नका.

आता चेन. ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही नको, रबर खराब होतं. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, मग कोरड्या फडक्याने पुसायची. धुऊन पुसल्यावर लगेच ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्यात आतल्या बाजूने लावा. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी जास्तीचं पुसून टाका. आतून लावलं की चाक फिरताना तेल बाहेरच्या बाजूला रोलरपर्यंत पोचतं. पुढच्या स्प्रॉकेटचं झाकणही उघडा. तिथे माती आणि ग्रीसचा इतका घट्ट गोळा होतो की चेन त्यावर घासत राहते. तुमची कुरकुर बहुधा तिथलीच.

ताण किती, याचा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. मोजताना चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि सगळ्यात घट्ट जागेवरचा ताण माना. डर्टच्या गाड्यांचं सस्पेन्शन लांब. मागचं चाक दबत दबत पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा दांडा) एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. उभ्या गाडीवर नीट घट्ट दिसणारी चेन तेव्हा गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढते. शाफ्टचं बेअरिंग गेलं तर इंजिन उघडावं लागतं. सैल चेन स्प्रॉकेटवरून उतरू शकते, म्हणून आकडा सोडू नका, पण शंका असेल तर मर्यादेच्या सैल टोकाकडे राहा. समायोजन झाल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, अ‍ॅक्सल नट घट्ट आहे ना आणि मागचा ब्रेक लागतो ना, हे बघूनच गाडी हलवा.

एअर फिल्टर दर खेपेला उघडून बघा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये दाबून दाबून धुवा, पिळू नका, फाटतो. मग साबणाचं पाणी, सावलीत पूर्ण वाळवणं आणि फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं मुरवून जास्तीचं दाबून काढणं. पेट्रोलने जोडाचा गोंद सुटतो. तेलकट कागदी फिल्टर असेल तर त्यावर हवा मारायची नाही, धूळ आतच घुसते. तो बदलायचाच. बसवताना कडेला बारीक ग्रीस लावा आणि बॉक्स आतून पुसून काढा. फिल्टरच्या इंजिनकडच्या बाजूला धूळ दिसली तर फिल्टर नीट बसलेला नव्हता असं समजा.

कातळ_ठाणे

पानासाहेबांनी धुणं-चेन व्यवस्थित सांगितलं आहे. मी ओढा आणि चढ घेतो.

ओढा आधी चालत पार करा. तळाला शेवाळलेला कातळ आहे की गोटे, हे पायालाच कळतं. पाणी अ‍ॅक्सलच्या वर जात असेल किंवा गढूळ असून वाढत असेल तर परत फिरा. घाटमाथ्यावर पाऊस पडला की खाली कोरडं ऊन असतानाही ओढा चढतो. जाताना पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. एकावेळी एकच गाडी.

गाडी पाण्यात बंद पडली किंवा आडवी झाली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी बंद करून गाडी काठावर आणा. एअर बॉक्सच्या खालच्या ड्रेन नळीचं टोपण काढा, फिल्टर बघा. फिल्टर कोरडा असेल तर बहुतेक वेळा इंजिनही कोरडं असतं. ओला असेल तर स्पार्क प्लग काढा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, मागचं चाक उचलून हाताने फिरवा. पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडेल. दोघांनी मिळून गाडीचं तोंड वर उचललं की सायलेन्सरमधलं पाणीही निघतं. मग ऑइलची काच बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. इंजिन सुरू न करता गाडी टेम्पोने आणा. स्वस्तातलं योग्य ग्रेडचं तेल भरून थोडा वेळ चालवून काढा, मग नवं तेल आणि नवा फिल्टर.

चढावर अडकलात तर क्लच धरून उभं राहू नका. पुढचा ब्रेक एकट्याने गाडी थांबवत नाही, पुढच्या चाकावर वजनच नसतं, ते घसरत मागे येतं. इंजिन बंद करा, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडा. गिअरच ब्रेकचं काम करतो. गाडीच्या वरच्या बाजूला उतरा, गाडी चढाच्या दिशेने आडवी करा आणि मागचं चाक ओढून तोंड खाली फिरवा. मागून येणारा मित्र पहिला वर पोचेपर्यंत खालीच थांबलेला हवा, हे आधी ठरवून घ्या.

उतारावर पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, पुढचा ब्रेक एका-दोन बोटांनी. हिमालयनला मागचं एबीएस बंद करायची सोय असेल तर सुट्या मुरमावर ते बंद करा.

आणि वाटांबद्दल. कर्नाळा, तानसा, तुंगारेश्वर ही अभयारण्यं आहेत. भीमाशंकरचं अभयारण्य घाटाखाली ठाणे-रायगडच्या बाजूलाही उतरतं. तिथे आणि राखीव जंगलात गाडी घालायचीच नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९२७चा वन कायदा दोन्ही लागतात. माथेरानला मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच. पावसाळ्यात धबधबे-धरणांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, निघण्याआधी बघून घ्या. शेताच्या बांधावरून गाडी कधीही नेऊ नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि लावणी वाळते. त्या कुटुंबाचा तो वर्षाचा भात असतो. गावात शिरताना वेग उतरवा, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना वाट विचारा. आज तुम्ही कसे वागलात यावर पुढच्या ग्रुपला गाव वाट देणार की नाही हे ठरतं, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

भटक्या_डोंबिवली

मनापासून आभार दोघांचे. हवेचं आणि क्लचचं राहिलं. ट्यूब स्वतः बदलायला शिकायचंच आहे. किनाऱ्यावर सराव करावा असं एक मित्र म्हणतोय, ते कसं?

नागदेवी_१०नंबर

किनारा नको. खारं पाणी स्पोक, चेन, डिस्कचे बोल्ट आणि वायरिंगचे जोड सगळं खातं आणि बहुतेक किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदीच असते.

हवा: हायवेवर मॅन्युअलप्रमाणे, कच्च्यात ट्यूब असताना १८ ते २० पीएसआय. त्याखाली गेलात तर दगडावर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. शिवाय टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्हची मान तुटते. व्हॉल्व्ह तिरका दिसला की टायर सरकलाय असं ओळखा आणि हवा सोडून सरळ करा. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, टोपणाला टेकवून ठेवा, म्हणजे सरकलं तरी ट्यूब फाटायला वेळ मिळतो. हायवेला लागायच्या आधी हवा परत भरा. कमी हवेचा टायर वेगात तापतो.

ट्यूब बदलताना सगळा जीव एका गोष्टीत आहे: टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकललेली असणं. लिव्हर लावता त्याच्या समोरच्या बाजूला गुडघ्याने दाबून ठेवा, लिव्हरने एकावेळी दोन-तीन इंचच घ्या. जोर लावावा लागतोय म्हणजे समोरची कड वर आली आहे. थांबा, परत दाबा. साबणाचं पाणी लावा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवा, काटा तिथेच रुतलेला असतो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घाला, म्हणजे पीळ पडत नाही. कड चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा आणि व्हॉल्व्ह आत ढकलून बघा, ट्यूब कडेखाली अडकलेली नसावी. जोडीला एकच २१ इंची ट्यूब न्या. वेळ पडली तर ती मागच्या १७-१८ इंची चाकातही घरी पोचवते.

चौघांत मिळून एकच संच पुरे, प्रत्येकाने सगळं उचलायची गरज नाही. तीन टायर लिव्हर, पंप, पॅच, ८, १०, १२, १४चे पाने, ४, ५, ६च्या अ‍ॅलन की, दोन्ही अ‍ॅक्सलचे पाने, प्लग पाना आणि नवा प्लग, चेनवर कोरलेला नंबर बघून घेतलेली जोडकडी, क्लच वायर, दोन्ही लिव्हर, झिप टाय, एम-सील. दगडाने इंजिनच्या झाकणाला चीर गेली तर एम-सीलच तुम्हाला रस्त्यापर्यंत आणते, जागा पेट्रोलने पुसून कोरडी करून लावायची. हत्यारं मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात चांगली मिळतात. घेताना पान्याचं तोंड नटावर बसवून बघा, डुलत असेल तर नको. लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल ठेवा, पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरेल.

पाना_पकड

क्लचचं सांगतो. हिमालयन जड गाडी, चढावर अर्धा क्लच धरून रेटली की प्लेट तापतात, वास त्याचाच. पहिला गिअर, थोडा वेग खालूनच घ्यायचा, क्लच पूर्ण सोडायचा. वास आलाच तर थांबून निवू द्या. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती इंजिन तापल्यावरही राहते का बघा. मोकळीक नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो. तरीही वरच्या गिअरला थ्रॉटल दिल्यावर आवाज चढतो आणि वेग चढत नसेल, तर प्लेट आणि स्प्रिंग एकदमच बदला. नव्या फ्रिक्शन प्लेट रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवूनच बसवायच्या. तेल १५ डब्ल्यू ५०, डब्यावर जासो एमए२ (तेलातल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं. कारचं तेल नको, त्यात घर्षण कमी करणारे घटक असू शकतात, क्लच घसरतो. एक्सपल्सला १० डब्ल्यू ३०, तेही एमए२. मॅन्युअलमधलं तेल बदलायचं अंतर रस्त्यासाठी धरलेलं असतं, तुम्ही निम्म्यावर बदला. जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजला द्या.

स्पोक दर खेपेला स्क्रूड्रायव्हरने एकेक वाजवून बघा. घट्ट स्पोक खणखणतो, सैल बद्द वाजतो. सैल सापडला तर पाव फेरीच आवळा आणि चाक फिरवून डगमग बघा. पाव फेरीनेही आवाज सुधारला नाही तर चाक स्पोकवाल्याकडेच न्या, जास्त आवळलं की रिम ओढली जाते.

कातळ_ठाणे

गाडी ओढून आणायची पद्धतही आताच शिकून घ्या, ती वेळेवर सुचत नाही. ओढणाऱ्याच्या उजव्या फूटपेगला पट्टा बांधा. ओढल्या जाणाऱ्याने तो आपल्या डाव्या फूटपेगला एकच वेढा देऊन बुटाखाली धरायचा, गाठ मारायची नाही. तोल गेला की पाय उचलायचा, पट्टा सुटतो. वेग चालण्याच्या जरा वर, पट्टा सतत ताणलेला, मागच्याने हलका मागचा ब्रेक धरून ठेवायचा म्हणजे झटका बसत नाही. उतारावर पट्टा सोडा, गाडी आपोआप येते.