मनाली-लेह : कपड्यांआधी दुरुस्तीची हत्यारं बघा

आठ जणांच्या मनाली-लेह बाइक राइडसाठी प्रत्येकाने किती कपडे घ्यावेत, यावर बरीच चर्चा झाली. माझं मत, तीन जोड पुरतात. खरा विचार गाडी दुरुस्तीच्या हत्यारांचा करा.

आठही जणांनी पंक्चर किट आणि हवेचा पंप घ्यायची गरज नाही. ते सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे द्या, कारण बंद पडलेली गाडी त्यालाच भेटते. आमच्या वेळी हे सामान पुढच्या गाडीवर होतं. सरचूच्या अलीकडे मागची गाडी पंक्चर झाली, फोनला रेंज नाही, दीड तास थंडीत उभे होतो. क्लच केबल मात्र प्रत्येकाची वेगळी हवी. नवी केबल जुन्या केबलला लागूनच ओवून बांधून ठेवा. तुटली की फक्त टोकं बदलायची. ही युक्ती आमच्या गॅरेजवाल्या काकांची, आणि लाखमोलाची.

केलाँगच्या अलीकडे तांडीला टाकी काठोकाठ भरा, शिवाय पाच लिटरचा कॅन जवळ असू द्या. पुढे लांबवर पंपाचा भरवसा नाही. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निदान दोघांकडे तरी पोस्टपेड हवं.

जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने. रेनकोट सगळ्यात वर.

आणि निघण्याआधी एका रविवारी पूर्ण सामान लादून माळशेज घाटात जाऊन या. सैल बांधलेला बंजी कॉर्ड (सामान बांधायचा लवचिक दोर) तिथेच कळेल, लेहच्या वाटेवरच्या बारालाचा खिंडीत नको.