मदत हवी आहे: टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर घ्यायचाय, घाई आहे

मंडळी नमस्कार. थोडं पाल्हाळ लावतोय, सांभाळून घ्या.

आमची आई लालबागच्या एका भजनी मंडळात आहे. आषाढीला त्यांचा कार्यक्रम सह्याद्रीवर लागला होता. दुसरी रांग, डावीकडून तिसरी, हातात टाळ. बावीस मिनिटांत तिचा चेहरा दोनदा दिसतो, त्यात एकदा माइकच्या दांड्याआड. तरी घरात सण होता. केबलच्या सेट टॉप बॉक्सला मागे हार्ड डिस्क लावून मी ते रेकॉर्ड केलं आणि पुढचे तीन महिने घरी येणाऱ्याला चहाच्या आधी भजन मिळत होतं.

दिवाळीच्या तोंडावर बॉक्स मेला. केबलवाल्याचा पोरगा दहा मिनिटांत दुसरा लावून गेला. आता तीच डिस्क लावली की यादीत कार्यक्रमाचं नाव दिसतं, ओके दाबलं की काळा पडदा. लॅपटॉपला लावली तर विंडोज म्हणतंय, डिस्क फॉरमॅट करू का? (केलेली नाही, आईशप्पथ.) जुना बॉक्स परत मागितला, तर ‘साहेब, तो वर जमा झाला.’ वर म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता येईना.

मंडळातल्या काकू म्हणतायत की कार्तिकीला तोच कार्यक्रम पुन्हा दाखवणार आहेत. म्हणजे हातात आठवडा आहे. यावेळी फाइल माझ्या कॉम्प्युटरवर हवी, कोणाच्या बॉक्सच्या मेहरबानीवर नको. लॅमिंग्टन रोडवरून एचडीएमआय कॅप्चरची (बॉक्सचं चित्र लॅपटॉपवर घेणारी) एक डबी आणली, तिच्यात नुसता काळोख. कुठला रेकॉर्डर घेऊ? बजेट पाच हजार. आणि जुन्या डिस्कमधून काही निघेल का? यूट्यूबवर शोधून झालंय, तो भाग तिथे नाही.

प्रतिसाद १
जुन्या डिस्कचा नाद सोडा. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून केबल डिजिटल झाली, तेव्हापासून पे चॅनेल कुलूप लावून येतात आणि किल्ली बॉक्समध्ये असते. बॉक्स डिस्कवर लिहिताना पुन्हा स्वतःचं कुलूप लावतो, मग चॅनेल फुकट असो वा पैशाचं. दुसरा बॉक्स त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा असला तरी त्याची किल्ली वेगळी. विंडोजला तर डिस्कची मांडणीच ओळखता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट विचारतंय. बऱ्याच टीव्हींचं स्वतःचं यूएसबी रेकॉर्डिंगही असंच त्या एका टीव्हीला बांधलेलं असतं, त्या वाटेलाही जाऊ नका.

प्रतिसाद २
सह्याद्रीच हवं ना? मग रेकॉर्डर कशाला शोधताय, डीडी फ्री डिशचा (दूरदर्शनच्या फुकटच्या छत्रीचा) बॉक्स घ्या. सह्याद्री तिथे फुकट आणि बिनकुलपाचं येतं. यूएसबी रेकॉर्डिंगवाला एमपेग-४ बॉक्स असेल, तर सहसा पेन ड्राइव्हवर साधी टीएस (व्हिडिओची) फाइल पडते, व्हीएलसी या फुकटच्या प्लेयरमध्ये सरळ चालते. पण ‘सहसा’ म्हणतोय. काही बॉक्स आपल्याच भलत्या फॉरमॅटमध्ये लिहितात. त्यामुळे लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जा, दोन मिनिटं रेकॉर्ड करा, तिथेच चालवून बघा, मग पैसे द्या. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

खरी अडचण छत्रीची. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे मुंबईतून बघताना आग्नेयेला, बऱ्यापैकी उंचावर. तुमच्या खिडकीतून तेवढं आकाश दिसतं का? समोर टॉवर उभा राहिला असेल, तर गच्ची आणि सोसायटीचे सेक्रेटरी.

धागाकर्ता
खिडकी पश्चिमेला आहे. गच्चीवर टॉवर होतोय म्हणून सगळ्यांच्या छत्र्या काढायला लावल्यात. दुसरं काही?

प्रतिसाद ३
आहे. तुमच्या डबीत काळोख आला, कारण बॉक्सच्या एचडीएमआयवर एचडीसीपी (नक्कल रोखणारं कुलूप) असतं. समोरचं यंत्र ते मानणारं नसेल, तर बॉक्स चित्र देतच नाही. डबी खराब नाही, परत करायला जाऊ नका. बॉक्सच्या मागे एव्ही आउट असेल: पिवळं, लाल, पांढरं. काही बॉक्सना तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याची वेगळी वायर मिळते. तिथून एव्हीची यूएसबी कॅप्चर डबी लावा, लॅपटॉपवर ओबीएस (रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) उघडा, पाल (आपल्याकडच्या टीव्हीची जुनी) पद्धत निवडा, चित्र ७२० बाय ५७६. चित्र एचडी येणार नाही, पण टाळ वाजवणारी आई ओळखू येईल. सेकंदाला चार मेगाबिट धरले तर तासाला सुमारे १.८ जीबी लागते, जागेची चिंता नको. पेन ड्राइव्हवर घेणार असाल तर एफएटी३२ (ड्राइव्ह फॉरमॅट करायची एक पद्धत) नको, तिथे एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही.

आणि आदल्या दिवशी रंगीत तालीम करा. लॅपटॉपची झोप बंद, विंडोजचे अपडेट थांबवलेले, चार्जर लावलेला. माझ्या भाचीच्या नाटकाच्या वेळी बरोब्बर तिच्या एंट्रीला लॅपटॉप रीस्टार्ट झाला होता. ती अजून बोलत नाही.

प्रतिसाद ४
हे असं रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे का? सहज विचारतोय.

प्रतिसाद ३
कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ बघा. स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करायला मुभा आहे. कुलूप तोडण्याबद्दल मात्र २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलंय, म्हणून एचडीसीपी उडवणाऱ्या स्प्लिटरचे सल्ले इथे देऊ नका. आणि मंडळाच्या ग्रुपवर फाइल फिरवण्याआधी दोनदा विचार करा.

धागाकर्ता
एव्ही डबी आणली. मघाशी सह्याद्रीच्या बातम्या पाच मिनिटं रेकॉर्ड केल्या. आवाज सुरुवातीला आलाच नाही, ओबीएस लॅपटॉपचाच माइक ऐकत बसला होता, त्यामुळे बातम्यांखाली आमचा कुकर आहे. ते जमलं. पण एक भानगड: काहीही हललं की कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. टाळ तर सतत हलणार!

प्रतिसाद २
ते इंटरलेसिंग. एका फ्रेममध्ये दोन वेळांच्या रेघा एकात एक विणलेल्या असतात, कॉम्प्युटर त्या एकदम दाखवतो. व्हीएलसीत बघताना डीइंटरलेस चालू करा. कायमची फाइल करताना हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीकॉम्ब (रेघा काढणारं फिल्टर) लावा, पण मूळ फाइल पुसू नका. पुढेमागे सुरुवात-शेवट छाटायचा झाला, तर लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने छाटा, चित्राला धक्का लागत नाही.

धागाकर्ता
मिळालं!! काल रेकॉर्ड केलं, दोन मिनिटं आधीच सुरू केलं होतं. रेघा गेल्या. फाइल लॅपटॉपवर, एक प्रत बहिणीकडे, एक पेन ड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात (आईचा आग्रह). सकाळपासून तिने ते दोनदा थांबवून बघितलंय आणि आता विचारतेय, मधला तो माइकचा दांडा काढता येतो का?