होली अपॉसल्सच्या जेवणघराला मंडळाने काय द्यावं?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

मॅनहॅटनमधल्या होली अपॉसल्स चर्चच्या मोफत जेवणघराला दिवाळीचा फराळ आणि वापरलेले कपडे द्यायचं बैठकीत ठरलं. त्यावर दोन शंका आल्या आहेत. जेवणाआधी लोकांना प्रार्थनेला बसवतात का? आणि घरचे डबे चालतात का? माहितगारांनी कृपया लिहावं.

प्रेषक: सेवा समिती

दादा, पहिल्या शंकेचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. दारात ना धर्म विचारतात, ना ओळखपत्र, ना मिळकत. १९८२ च्या ऑक्टोबरपासून, म्हणजे जेवणघर सुरू झाल्यापासून, नियम एकच आहे: भूक लागली असेल तर आत या.

हे चर्च एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचं, चेल्सीमध्ये नवव्या अॅव्हेन्यूवर, २८व्या रस्त्यापाशी. सर्वांना दार उघडं ठेवण्याची त्यांची रीत जेवणघरापेक्षाही जुनी आहे. उघडपणे समलिंगी असलेल्या एलेन बॅरेट या महिलेला बिशप पॉल मूर यांनी जानेवारी १९७७ मध्ये याच वास्तूत धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. त्यावरून तेव्हा केवढा तरी गदारोळ झाला होता. पुढे बेत सिमचत तोरा या समलिंगी ज्यूंच्या मंडळीने शुक्रवारच्या प्रार्थना अनेक वर्षं याच छताखाली केल्या. त्यामुळे धर्मप्रसाराची शंका मनातून काढून टाकावी.

एप्रिल १९९० मध्ये चर्चला मोठी आग लागली. दुरुस्ती झाल्यावर मुख्य दालनातली बाकं परत बसवली नाहीत. त्याच दालनात गोल टेबलं मांडून जेवण वाढू लागले. रविवारी उपासना आणि कामाच्या दिवशी पंगत, तीही रंगीत काचांच्या खिडक्यांखाली! तळघरात वाढलेलं जेवण आणि हे जेवण यांत मानाचा फरक आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. जेवणानंतर तिथेच समुपदेशक भेटतात. निवारा, फूड स्टॅम्प (गरिबांना अन्न घेण्यासाठी दरमहा मिळणारी सरकारी मदत), दवाखाना यांसाठी कुठे जायचं ते सांगतात. महिनाअखेरीला फूड स्टॅम्प संपतात, त्यामुळे अशा ठिकाणी रांग लांबते. पहिल्या आठवड्यातली रांग बघून अन्नाचा अंदाज बांधला तर हमखास चुकतो.

आता फराळ. घरी केलेले पदार्थ अशी स्वयंपाकघरं साधारणपणे घेत नाहीत. आरोग्य खात्याच्या परवान्यावर चालणाऱ्या जागेत अन्न कुठून आलं आणि त्यात काय आहे हे सांगता यावं लागतं. चिवड्यातला शेंगदाणा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. शिवाय रस्त्यावर राहणाऱ्या अनेकांचे दात खराब झालेले असतात. चकली, कडक लाडू, कच्चं गाजर त्यांना चावत नाही.

वापरलेल्या कपड्यांत उन्हाळी शर्टच जास्त येतात आणि ते निवडण्यातच स्वयंसेवकांचा दिवस जातो. त्याऐवजी नवे जाड मोजे आणि नवे अंतर्वस्त्र द्यावेत, मोठ्या मापाचे जास्त. डबाबंद अन्न द्यायचं तर ओढून उघडणारं झाकण बघून घ्या, कारण रस्त्यावर कुणाकडे ओपनर नसतो.

प्रेषक: स्वयंपाक गट

ताईंच्या पत्राला एक जोड. शिजवूनच द्यायचं असेल तर परवानाधारक स्वयंपाकघर भाड्याने घ्यावं, आणि तेही आधी त्यांच्या व्यवस्थापकांना विचारून. मऊ मुगाची खिचडी सगळ्यात सोयीची. १०० जणांना तांदूळ ४ किलो, मूगडाळ २ किलो, पाणी साधारण २२ लिटर. माणशी पाव किलोच्या आसपास पडते. तिखट वेगळं ठेवा, काजू-शेंगदाणे नकोत.

गडबड होते ती निवताना. शिजवल्याने भातातले जंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू, म्हणजे उष्णतेतही तगणारी त्यांची सुप्त रूपं, उरतात. मोठ्या पातेल्यात खिचडी तासन्‌तास कोमट राहिली की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून वाढेपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वरच ठेवायची. निववायची असेल तर उथळ ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. २ तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या ४ तासांत ५ अंशांवर यायला हवी. परत गरम करताना ७४ अंश. थर्मामीटर मधोमध खुपसून बघा, कडेचा आकडा फसवतो.

देणगीदारांवर दावा होईल ही भीती नको. अमेरिकेच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने सद्भावनेने दिलेल्या अन्नाला संरक्षण आहे, फक्त निष्काळजीपणा गंभीर नसावा.

प्रेषक: सेवा समिती

माणसांबद्दल राहिलंच. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला अशा जेवणघरांत स्वयंसेवकांची एवढी गर्दी होते की काहींना परत पाठवावं लागतं. फेब्रुवारीत मात्र ताटं वाढायला हात कमी पडतात. आपण दिवाळीऐवजी फेब्रुवारी धरावा. काम उभ्याने आणि सलग काही तासांचं असतं. बंद बूट घाला, केस बांधा, अंगठ्या घरी ठेवा. जेवणाऱ्यांचे फोटो काढू नका, अगदी मंडळाच्या अंकासाठीसुद्धा.

प्रेषक: सचिव

ताई, पटलं. फराळ रद्द. मोज्यांसाठी वर्गणी सुरू करतो आणि चर्चच्या स्वयंसेवक समन्वयकांना फेब्रुवारीतल्या मंगळवारांबद्दल विचारतो. कामाच्या दिवशी सुट्टी काढू शकणाऱ्यांनी याच पत्राला उत्तर द्यावं.